पित्ताची गोळी

गोळी शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. सकाळी नाष्टा झाला की घ्यायची. तिच्यामुळं माझ्या छातीतली धडधड थांबली आणि ताटातला मिरचीचा खर्डाही गेला. यात गोळीचा दोष नाही, माझ्या नवऱ्याचा आहे.

गेल्या वर्षी वर्गावर शिकवताना मला अचानक धाप लागायची, हात गार पडायचे, आता मरतेच असं वाटायचं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत. शेवटी मनाच्या डॉक्टरीणबाईंनी ही चिंतेवरची गोळी सुरू केली. गुण यायला काही आठवडे लागतील आणि बरं वाटलं म्हणून मनानंच बंद करायची नाही, असं त्यांनी बजावलं.

मला धास्ती होती सासूबाईंची. त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. "डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत न्हाईत," असं त्या गल्लीतल्या एकीबद्दल म्हणाल्या होत्या. माझं कळलं तर गोळी बंद करायला लावतील, याची मला खात्रीच होती. आणि आमच्या शिवाजी पेठेत एका घरात कुणी शिंकलं की चौथ्या घरात काढा उकळतो.

एकदा आत्तींनी गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं. नवरा पटकन म्हणाला, "पित्ताची हाय गं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून माझा खर्डा बंद, मिसळ बंद. वर सकाळ-संध्याकाळ कोकमाचं सार. इकडं गोळीनं काम सुरू केलं होतं. टेबलाला न धरता मी अख्खा तास शिकवू लागले, मेलेली भूक परत आली, आणि भूक आली तर खायला काय, मऊ भात. रविवारी घरात मटण शिजलं की नवरा मान खाली घालून तांबडा रस्सा भुरके मारत प्यायचा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

एका रविवारी आत्तींनी माझ्यापुढं पुन्हा भात ठेवला आणि माझा संयम संपला.

"आत्ती, मला पित्त न्हाय. उगंच भीती वाटून जीव घाबरायचा, त्यावरची गोळी हाय ती. मनाच्या डॉक्टरनं दिलीया. आणि मी ती बंद करणार न्हाय."

नवऱ्याला ठसका लागला. आत्तींनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"रस्सा चालतोय त्याच्यावर?"

"चालतोय."

त्यांनी माझी वाटी काठोकाठ भरली आणि शेजारी बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुझं सासरं गेल्यापास्नं मलाबी हुतंय तसं. छातीत नुसतं धडधडतंय. मी आपलं पित्त म्हणून सोडा पीत बसतो."

मला रडूच आलं. गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडं जायचंच होतं. मी विचारलं, "माझ्यासंगं येताय?"

आत्तींनी पदरानं तोंड पुसलं.

"येतो की."