कुंपणाची कडी

आमचं परसू आणि अक्कांचं परसू यांच्यामध्ये किळुवैचं कुंपण होतं. किळुवै म्हणजे फांदी खोचली की रुजणारं काटेरी झुडूप. लग्न होऊन मी तंजावूरच्या या राजवाड्यामागच्या गल्लीत आले तेव्हाच त्यात एक खिंड होती, अंग चोरून माणूस जाईल एवढी. अक्का आमच्या शेजारीण, घरी तमिळ बोलणाऱ्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. यजमान गेले, मुलगी परदेशी, घरात एकट्या. रोज चारच्या सुमाराला त्या खिंडीतून यायच्या, आमच्या मागच्या पायरीवर बसून कॉफी प्यायच्या. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासूनचा हा रिवाज.

गेल्या वर्षी किळुवै एका टोकापासून वाळत गेलं. गल्लीतल्या शेळ्या शिरल्या आणि माझं कढीपत्त्याचं झाड बुंध्यापर्यंत खाऊन गेल्या. मी चिडले. म्हटलं, आता कायमचं कुंपण घालायचं, माझ्या हयातीत पुन्हा हात लावावा लागू नये असं.

पण कसलं? हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. फायलीवर तीन शेरे पडल्याशिवाय यांना घोटभर पाणीही गोड लागत नाही. लोखंडी अँगल जमिनीलगत गंजतात, म्हणून ते बाद. दगडी खांब टिकतात, पण तार ओवायला भोकं पाडताना फुटतात. सिमेंटचे खांब आणि जाळी बरी, पण आपली माती कावेरीची; पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हळूहळू मान टाकतात. तयार सिमेंटच्या फळ्यांची सहा फुटी भिंत सगळ्यात पक्की, पण तिच्यामुळे वारा अडतो. आठवडाभर ऐकून माझ्या डोक्याचा भुगा झाला.

अक्कांना विचारलं, कारण हद्द त्यांचीही. त्या लगेच तमिळमध्ये म्हणाल्या, "जाळी घाला टीचर, एकमेकींचं तोंड तरी दिसेल. आणि खिंड आहे तिथे एक लहान फाटक ठेवा." मी शाळेत शिकवायचे, म्हणून त्यांच्या तोंडी मी अजून टीचरच.

त्याच दिवशी त्या पायरीवर बसल्या होत्या. मी त्यांच्या हातात कॉफीचा टंबलर दिला आणि हसत हसत यांना मराठीत म्हटलं, "तीन चमचे साखर लागतें हीस. घरीं काम नाही, येऊन बसली की उठत नाही. फाटक कशाला? वाट बंद झाली तर सुटलों."

हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे, कारण आम्हा तंजावूरच्या मराठी माणसांत ही सवयच आहे. चारचौघांत काही झाकून बोलायचं असलं की आम्ही तोंड हसरं ठेवून मराठीत बोलतो. भाजीवाल्यासमोर, डॉक्टरांसमोर, सुनेच्या माहेरच्यांसमोरसुद्धा. कोणाला कळतंय! अक्काही हसल्या, कॉफी संपवली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजले, अक्का आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कुंपणाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "टीचर, जाळी नको. भिंतच घाला, सहा फुटी. फाटक नको."

मी चक्रावले. काल-परवापर्यंत तोंड दिसायला हवं होतं, आता भिंत? मी यांना म्हटलं, ज्योतिष्याने काही सांगितलं असेल. हे म्हणाले, मुलीने फोनवर घाबरवलं असेल, एकट्या बाईला भिंत बरी. मग मला वाटलं, माझ्या दुधीचा वेल त्यांच्या बाजूला गेला त्याचा राग असेल. दोन दुधी घेऊन गेले. दार उघडलं नाही, आतूनच "नको" आलं. खरं सांगते, मला रडू आलं. चाळीस वर्षांत या बाईने माझ्या हातचं काही परत केलं नव्हतं.

शेवटी गवंडी आला. यांनी जाळीच ठरवली होती, त्यामुळे खड्डे अडीच फूट खोल, तळाला वाळू आणि खडी, कोपऱ्याच्या खांबांना तिरपे टेकू. खिंडीपाशी येऊन तो थांबला. फाटकाचे दोन खांब रोवायचे की नाही? अक्का पलीकडे तुळशीला पाणी घालत होत्या, तोंड फिरवून. माझा तोल गेला. मी यांना मराठीत ओरडून म्हटलं, "हिचं डोस्कं फिरलें आहे काय? मी काय केलें हीस?"

अक्कांनी तांब्या खाली ठेवला. आमच्याच घरातल्या मराठीत, माझ्या सासूबाईंच्या सुरात, त्या शांतपणे म्हणाल्या, "डोस्कं फिरलें नाही. वाट बंद झाली तर सुटलों, म्हणून तूंच म्हटलीस ना?"

गवंडी फावडं धरून आमच्याकडे पाहत राहिला. हे आत निघून गेले. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "अक्का, तुम्हांस मराठी येतें?"

"तुझ्या सासूस तमिळ कोठें येत होतें? मग आम्ही काय बोलत होतों पंधरा वर्षें?"

सासूबाई होत्या तोवर चार वाजता मी शाळेत असायचे, त्या दोघींचं बोलणं माझ्या कानावर कधी पडलंच नव्हतं; आणि त्यांच्यानंतर अक्कांसमोर मी मराठीत जे जे बोलले ते सगळं त्यांना कळत होतं. त्यांच्या पोरीचं लग्न लांबलं तेव्हाचं. यजमान गेले तेव्हाचं. सगळं ऐकून ही बाई दुसऱ्या दिवशी चार वाजता येत होती. मग याच वेळी का थांबली, ते मला आजही नीट कळलेलं नाही. लाज वाटली म्हणणं फार कमी आहे.

गवंड्याला मी फाटकाचे खांब रोवायला सांगितलं, आणि कडी अक्कांच्या बाजूला लावायला. माझ्या बाजूने ते उघडत नाही. खांब सरळ उभे आहेत, जाळी ताठ आहे, शेळ्या येत नाहीत. अक्काही आल्या नाहीत. अकरा दिवस मी चार वाजता पायरीवर दोन टंबलर घेऊन बसले आणि दोन्ही मीच प्याले.

बाराव्या दिवशी जाळीजवळ जाऊन मी मराठीत हाक मारली. त्यांच्याविषयी नव्हे, त्यांच्याशी. "अक्का, कॉफी झाली. या."

मग कडी सरकली. अक्का आल्या, पायरीवर नेहमीच्या जागी बसल्या आणि टंबलर हातात न घेताच म्हणाल्या, "साखर एकच चमचा घाल."