खांबेट्यांचे त्रेचाळीस अर्ज

मुरलीधर खांबेटे शाळेत एकच गोष्ट मनापासून शिकले होते, ती म्हणजे अर्ज लिहिणं. इंग्रजीच्या मास्तरांनी साचाच घोटून घेतला होता: वर ‘रिस्पेक्टेड सर’, मग ‘आय हम्बली बेग टु स्टेट’, खाली ‘युअर्स ओबिडियंटली’. या साच्यावर पुण्यातली नोकरी मिळाली, आणि ऑस्ट्रेलियातल्या पॉइंट कुकला आणणारा व्हिसाही त्यानेच मिळाला असावा, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे बायको गेली तेव्हा त्यांनी जे येत होतं ते केलं. अर्ज लिहिला.

त्यांची बायको विनिता गाडी घेऊन वसाहतीतून मोठ्या रस्त्यावर उजवीकडे वळत होती. सकाळचे पावणेनऊ, सिग्नल नाही, समोरून ट्रक. तिथे सिग्नल लावा, एवढंच खांबेट्यांचं मागणं. चार वर्षांत त्रेचाळीस अर्ज झाले. दर शनिवारी ते घडीची खुर्ची टाकून कोपऱ्यावर बसत, गाड्या मोजत आणि आकडे अर्जाला जोडत. रस्तेखात्याचं उत्तर ठरलेलं: आपल्या पत्राची नोंद घेतली आहे. नोंद घेण्यात त्या खात्याचा हात कुणी धरला नसता.

मग तिथल्या मराठी मंडळातल्या यतिनने दोन अर्ज फेसबुकवर टाकले, आणि आठवड्यात फोन आला. रात्री उशिरा टीव्हीवर बातम्यांची टर उडवणारा एक कार्यक्रम लागे, त्यात काम करणारी मुलगी बोलत होती. मागच्या वर्षी या मंडळींनी एका मोडक्या पुलाची टिंगल केली, तर महिन्याभरात पूल दुरुस्त झाला होता. खांबेट्यांना ते ठाऊक होतं. मुलगी गोड बोलली, आणि खरंही बोलली. रस्तेमंत्र्यांचं ऑफिस पत्रं वाचत नाही, पण आमचा कार्यक्रम न चुकता बघतं, म्हणाली. आम्ही तुमचे अर्ज वाचून दाखवू. अट एकच, बायकोचा विषय नको. माणूस मेलंय हे कळलं की लोक हसत नाहीत, आणि लोक हसले नाहीत तर मंत्री घाबरत नाही.

खांबेट्यांना ते पटलं. वाईट म्हणायचं तर तेच.

मिताली, त्यांची मुलगी, युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, “बाबा, देन इट्स जस्ट यू बीइंग फनी.”

“सिग्नल लागला तर दुसऱ्या कुणाची आई वाचेल.”

“अँड माइन?” तिने विचारलं. खांबेट्यांनी त्याच साच्यात कार्यक्रमाला होकार लिहून पाठवला.

कार्यक्रम त्यांनी दुसऱ्या दिवशी लंचरूममध्ये फोनवर पाहिला. सूत्रधाराने हेल काढून अर्ज वाचले, गाड्यांच्या आकड्यांवर स्टुडिओ लोळला. पहिल्या अर्जात विनिताबद्दल दोन ओळी होत्या. त्या गाळून तो सराईतपणे पुढे गेला. तेव्हापासून ऑफिसात सगळे त्यांना रिस्पेक्टेड सर म्हणू लागले. कुणी वाकडं बोललं नाही. उलट आठ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना शुक्रवारी पबला नेलं.

सात आठवड्यांत सिग्नल मंजूर झाला. खांब उभे राहायला आणखी पाच महिने गेले. सुरू करायच्या दिवशी खुद्द मंत्री आले, त्यांच्यामागे कॅमेरे आणि मंडळातली निम्मी माणसं. मिताली येणार नव्हती, पण आली आणि कॅमेऱ्यांच्या मागे हाताची घडी घालून उभी राहिली. खांबेट्यांनी तिला पाहिलं आणि ठरवलं की आज विनिताबद्दल सांगायचं.

बातमीदाराने विचारलंच, की मित्रा, इतकी वर्षं चिकाटी कशी टिकली? विचारतानाच तो हसू दाबत होता.

“बिकॉज ऑफ माय वाइफ,” खांबेटे म्हणाले. “शी...”

“तिनेच कंटाळून शनिवारी घराबाहेर काढलं असणार!” मंत्री मध्येच म्हणाले. सगळे खदखदून हसले. यतिनही हसला, आणि मग त्याला विनिता आठवली.

माइक अजून खांबेट्यांच्या तोंडासमोर होता. हसू ओसरायची बातमीदार वाट पाहत होता. मंत्र्यांचा हात त्यांच्या खांद्यावर पडला होता आणि दिवा अजून लागायचा होता.

“येस,” खांबेटे म्हणाले.

मिताली वळली आणि गाडीकडे चालायला लागली. मंत्र्यांनी बटण दाबलं. गाड्या थांबल्या.