सुपारीच्या भटजींचा चष्मा

गेली बरीच वर्षं मी लोकांच्या मुलींची मावशी म्हणून लग्नांना जाते. सख्खी बहीण मला एकही नाही. माझा धंदा रुखवताचा. नवरीने आणि तिच्या घरच्यांनी आपल्या हातांनी करून लग्नाच्या हॉलमध्ये मांडायच्या ज्या वस्तू, त्या मी दिंडोशीच्या आमच्या वन रूम किचनमध्ये बसून करते. सुपारीचे नवरा-नवरी, खणाची तोरणं, तांदळाचे दाणे चिकटवलेलं तुळशीवृंदावन, सप्तपदीची सात पावलं. आणि सगळ्यांची अट एकच: कोणी विचारलं तर मुलीनेच केलंय म्हणायचं हां, ताई. म्हणजे खपायचं मी आणि आयत्या बिळावर नागोबा दुसराच.

सुरुवातीला यात मजा वाटायची, खोटं कशाला सांगू. हॉलच्या कोपऱ्यात उभं राहून "किती गं गुणाची पोर!" हे ऐकायचं आणि गालातल्या गालात हसायचं. पुढे ते हसू यायचं बंद झालं. आता सकाळी गरम पाण्यात धरल्याशिवाय अंगठा वळत नाही. डोळ्यांचं न बोललेलंच बरं. कामाचं समाधान मिळतं म्हणे माणसाला, पण त्यासाठी आधी काम आपलं असावं लागतं. बोरिवलीच्या त्या लग्नाला निघाले तेव्हा ठरवून टाकलं होतं, हे शेवटचं. मुलुंडच्या एक बाई ऑर्डरसाठी मागे लागल्या होत्या. त्यांना त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवायचं होतं.

प्रत्येक रुखवतात एक वस्तू मात्र माझी असायची. सुपारीचे भटजी. मोठ्या सुपारीचं पोट, छोटीचं डोकं, काळ्या दोऱ्याची शेंडी, असे भटजी सगळेच करतात. माझ्या भटजींना चष्मा असतो. जुन्या चार्जरच्या वायरीतली तांब्याची तार वळवून केलेला. त्याला एका बाजूला काडी नसते, कानामागे घेतलेला दोरा असतो.

तो चष्मा माझ्या बाबांचा. गिरणी बंद पडल्यापासून बाबा घरीच असायचे. मी पहिली ऑर्डर घेतली तेव्हा सुया ओवून द्यायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. काडी तुटलेला तो चष्मा नाकावर सरकवत ते सुई खिडकीकडे धरायचे. नवा करू या म्हटलं की फटकारायचे, "दिसता मां? मगे नवो कित्याक व्हयो?" ते गेल्यानंतरच्या पहिल्याच रुखवतात मी भटजींना तसा चष्मा घातला. कोणाला काही सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. भटजी झकास आहेत, म्हणायचे आणि पुढच्या वस्तूकडे वळायचे.

बोरिवलीच्या हॉलमध्ये सकाळीच जाऊन टेबल लावलं. नवरी मरोळची, अंधेरीला नोकरी करणारी, शांत मुलगी. तिची आई मात्र सारखी माझ्या मागे. "मुलाकडच्यांना सांगितलंय, सगळं तिने ऑफिस सांभाळून केलंय. तुम्ही मावशी हां." मी मान हलवली. इतक्यांदा हलवली आहे की आता ती आपोआपच हलते.

मुहूर्ताच्या आधी मुलाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. पुढे मुलाची आत्या. वस्तू उलटी करून बघणारी बाई. अशा बायका मला आवडतात, आणि त्यांची धास्तीही वाटते. तिने तोरणाचे टाके मागच्या बाजूने पाहिले, मग भटजींना उचलून तळहातावर घेतलं.

"अगंबाई, चष्म्याला दोरा! असे चष्मेवाले भटजी मी मागे कुठल्याशा लग्नात पाहिलेत." ती नवरीकडे वळली. "तू केलेस ना हे? मग हा दोरा कशाला गं?"

नवरीने आईकडे पाहिलं. आईचा चेहरा पांढराफटक. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझा हात ओळखला होता. मी केलेत ते, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण तसं म्हणाले असते तर ती पोर पहिल्याच दिवशी खोटी ठरून सासरी गेली असती. आणि खोटं तिचं नव्हतंच. तिच्या आईचं होतं, आणि माझंही.

"चष्मेवाले भटजी काय, मोबाइलवर बघून सगळ्याच करतात," मी म्हणाले. "दोरा मात्र तिच्या आजोबांचा. त्यांच्या चष्म्याला अस्साच होता. सुया ओवून द्यायचे ते."

आत्याने भटजींना हळूच जागेवर ठेवलं. "आठवणीने केलंस गं," ती नवरीला म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. फार वाईट वाटत होतं. नाव तर मी केव्हाच देऊन टाकलं होतं, त्याचं काही नव्हतं. पण बाबा माझे होते. आणि मी त्यांना आपल्या तोंडाने दुसऱ्याच्या मुलीला देऊन बसले होते. अक्षता टाकल्या त्याही कुठे पडल्या पाहिलं नाही.

जेवणं झाल्यावर रुखवत खोक्यांत भरत होते, तेवढ्यात नवरी शालू सावरत एकटीच आली.

"मावशी," ती म्हणाली. ऐकायला आसपास कोणी नव्हतं, तरी मावशीच म्हणाली. "मी माझ्या आजोबांना बघितलेलंही नाही. ते कोण होते?"

"माझे बाबा."

तिने खोक्यातले भटजी काढून आपल्या रुमालात गुंडाळले. "नाव काय त्यांचं?"

"तुला गं कशाला?"

"माझ्या घरात राहणार ना ते आता? मग मला माहीत नको?"

मी सांगितलं. बाबांचं पूर्ण नाव, गावासकट. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, ते नाव मोठ्याने घ्यायची वेळच आली नव्हती. उखाणा पाठ करावा तसं तिने ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

माझं नाव तिने विचारलं नाही. हे मला रिक्षात बसल्यावर लक्षात आलं. आणि नवल म्हणजे राग आला नाही. अंगठा ठणकत होता, पाठ धरली होती. एवढी दमले होते की रडायलाही त्राण नव्हतं, तरी थोडं रडू आलंच.

दिंडोशीचा सिग्नल आला आणि मुलुंडच्या बाईंचा फोन वाजला. "ताई, घ्याल ना आमची ऑर्डर? एकुलती एक मुलगी आहे हो."

नाही म्हणायचंच होतं. तोंडून दुसरंच निघालं.

"आधी मला सांगा, तुमच्या घरात चष्मा कोणाला?"



"तिच्या पप्पांना होता," त्या म्हणाल्या.