नरपडच्या किनाऱ्यावरून न गेलेली पार्सलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या तोंडचं हे वाक्य ऐकून डहाणूजवळच्या आमच्या आशागडात कुणीही हसेल. मी न सांगितलेली गोष्ट ह्या पट्ट्यात उरलीय कुठे? मी बाकड्यावर बसलो की चहावाला न विचारता दुसरं आधण ठेवतो. माझ्या गोष्टीतला मासा होडीपेक्षा लांब असतो, माझ्या गोष्टीतला चिकू दोघांनी मिळून उचलावा लागतो. लोकांना ते चालतं, मलाही चालतं. पण एक गोष्ट मी शंभर वेळा सांगितली, आणि तरी एकदाही सांगितली नाही. गोंधळलात? थांबा, पहिल्यापासून येतो.

मी फुगे विकतो. डहाणूत फुगे बनतात हे बाहेरच्यांना माहीत नसतं, त्यांना वाटतं इथे नुसते चिकू. मी कारखान्यातून गोणीनं फुगे आणायचो, घरामागच्या शेडमध्ये पन्नास-पन्नासाची पाकिटं करायचो आणि ऑनलाइन विकायचो. २०१४ला सुरू केलं तेव्हा आठवड्याला चार ऑर्डरी, त्यातली एक मेव्हण्याची. २०१७ उजाडेपर्यंत मुंबईच्या पोराच्या वाढदिवसाला माझा फुगा, सुरतेच्या लग्नाला माझा फुगा. देशात कुठेही फुगा फुटला की आशागडला आवाज येतो, असं मी सांगायचो.

पण बॅज नव्हता. त्या वेबसाइटची एक प्रीमियम डिलिव्हरी होती. मालाच्या फोटोखाली सोनेरी बॅज, म्हणजे वस्तू दोन दिवसांत दारात. पोराचा वाढदिवस परवावर आलेली आई बिनबॅजचा फुगा घेईल कशाला? आणि बॅज मिळवायचा तर तीस दिवसांची परीक्षा. शंभरातली नव्व्याण्णव पार्सलं त्याच दिवशी, ठरल्या वेळेच्या आत, कुरिअरकडे स्कॅन झालेली हवीत. आपल्याकडून ऑर्डर रद्द होता कामा नये. रविवार नाही, सण नाही. एक दिवस घसरलात की घरी.

मी चहाच्या बाकड्यावर, दहाजणांच्या देखत, मोबाइलवर बोट दाबून नाव नोंदवलं. बोट वर उचललं आणि टाळीही मिळवली. कॅलेंडर मात्र बघितलं नाही. आता सांगा, डहाणू तालुक्यात जन्मलेला माणूस चैत्र विसरेल? चैत्री पौर्णिमेला महालक्ष्मीची जत्रा लागते, तेव्हा चारोटीच्या पुढे हायवे हायवे राहत नाही, माणसांची नदी होते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी तर त्या जत्रेत तीनदा हरवलेला माणूस. आणि माझ्या परीक्षेचा तिसावा दिवस पडला बरोबर जत्रेत.

शेडमध्ये तीन बाया पाकिटं भरायच्या. त्यांच्यातली मोठी जिवली. तलासरीकडच्या पाड्यावरची, लग्न होऊन आशागडला आलेली. फुगे मोजायला तिला मोजावं लागायचं नाही. मूठ भरली की पन्नास. मी एकदा तपासायला बसलो तर म्हणाली, मोजा शेठ, तुम्हाला तेवढाच व्यायाम. ह्या तिघी दिवाळीनंतर घरच्यांबरोबर वीटभट्टीवर जायच्या, भिवंडीकडे, थेट पावसाळ्यापर्यंत. त्या वर्षी मी तिघींना अडवून धरलं होतं. बॅज मिळाला तर बारा महिने काम, भट्टी बंद, असा शब्द दिला होता. मोठ्या आवाजात दिला होता. म्हणजे बॅज हवा होता तो नुसता मला नव्हे.

आणि मिळाला! आधी तेच सांगतो, कारण ते खरं आहे. ह्या पट्ट्यात तो बॅज मिळवणारा मी पहिला. कसा मिळवला ती गोष्ट तुम्ही माझ्याकडून ऐकली असेलच. ऐकली नसेल तर ऐका, झकास आहे.

तिसावा दिवस. एकसष्ट पार्सलं तयार. बारा वाजता कुरिअरचा फोन येतो की गाडी जत्रेत अडकली, येत नाही, पाचच्या आत तलासरीच्या गोडाऊनला आणून द्याल तरच आजची तारीख. हायवे बंद. मी एकटा. मी मोटरसायकलला पुढे दोन, मागे तीन गोण्या बांधतो आणि उलटाच निघतो, समुद्राकडे! नरपडच्या किनाऱ्यावर ओहोटी लागलेली, ओल्या वाळूवरून गाडी विमानासारखी. मच्छी वाळवणाऱ्या बाया बांबूच्या मांडवाखालून हात करतायत. एक लाट येते, मागची गोणी तरंगते, मी एका हातानं हँडल आणि एका हातानं गोणी… घोलवड, बोर्डी, झाई, तिथून आत वळून तलासरी. पाचला चार मिनिटं कमी. गोडाऊनवाला माझ्या बुटांतून मासा काढतो.

मासा मी दुसऱ्या वर्षी घातला. लाट त्याच्या आधी घातली होती. आणि मोटरसायकल? ती पहिल्याच दिवशी घातली. तिथेच तर सगळी घाण आहे.

बारा वाजता फोन आला होता, हे खरं. शेडमध्येच आला, स्पीकरवर, तिघींनीही ऐकला. पार्सलं तयार होती, हेही खरं. सकाळपासून तिघींनी मान वर न करता भरली होती, कारण दुपारनंतर त्यांना जत्रेची सुट्टी होती. मी फोन ठेवला. पाच तास होते. गाडीत पेट्रोल होतं. समुद्राची वाट मला पाठ होती. मग गेलो का नाही? सांगतो, पण हे कारण म्हणून घेऊ नका. गेलो असतो आणि पाच वाजून दहा मिनिटांनी पोचलो असतो तर हरलो असतो मी. न जाता हरलो असतो तर हरली असती कुरिअरची गाडी. चहाच्या बाकड्यावर कुठली गोष्ट जास्त शोभली असती? मी उभ्या उभ्या हिशोब केला. बायांना म्हटलं, गेलं सगळं, संध्याकाळी ऑर्डरी रद्द करून टाकतो, तुम्ही जावा जत्रेला. जिवलीनं विचारलं, मग भट्टी? मी ऐकू न आल्यासारखं केलं. आणि मोटरसायकल काढली.

कुठे गेलो?

जत्रेला. गर्दीतनं मोटरसायकल घुसते. भजी खाल्ली, रस प्यायलो. आकाशपाळण्यात बसलो. लिहिलं एकदाचं. एकसष्ट पार्सलं शेडमध्ये टाकून मी, पन्नाशीला टेकलेला माणूस, आकाशपाळण्यात बसलो होतो. तासभर तिकिटामागून तिकीट काढत होतो, आणि शेवटच्या फेरीला आमचा पाळणा नेमका टोकाला गेला आणि खालची माणसं भरायला थांबला. आणि खिशात फोन थरथरला. बघतो तर पार्सल स्कॅन झालं. परत थरथरला. दुसरं. तिसरं. दहावं. मला वाटलं, कंपनीचं डोकं फिरलं. वीस. तीस. वर वारा, खाली पिपाण्या, आणि माझ्या तळहातावर तो फोन जिवंत बेडकासारखा उड्या मारतोय. एकसष्टावं स्कॅन झालं तेव्हा घड्याळात पावणेपाच! मी असा ओरडलो की पाळणेवाल्याला वाटलं, घाबरलो. त्यानं मला आधी उतरवलं.

ती पार्सलं कशी गेली? ह्या खऱ्या गोष्टीपुढे माझी गोष्ट पाणी भरेल, आणि हिच्यात मी एकही मासा घातलेला नाही. त्याच संध्याकाळी गोडाऊनवाल्यानं फोनवर अर्धी सांगितली, बाकीची जिवलीबरोबरच्या शेडमधल्या दोघींच्या बोलण्यातून गोळा झाली.

मी गेल्यावर जिवली त्या दोघींना एवढंच म्हणाली, "जत्रेलाच जातोय ना आपण? मग गोण्या घेऊनच जाऊ."

पाच गोण्या जीपच्या टपावर टाकून तिघी चारोटीपर्यंत गेल्या. पुढे गाडी हलेना. मग गोण्या डोक्यावर. फुगेच ते, वजन काही नाही, पण आकार केवढा! दोन उरल्या, तर वाटेत जिवलीची बहीण लाखी भेटली, जावेबरोबर. दोघी बहिणींची वर्षातून एकदाच भेट, ती ह्या जत्रेत. लाखीनं काय चाललंय विचारलं, जिवलीनं तिच्या डोक्यावर गोणी ठेवली आणि चालता चालता सांगितलं. पाच बाया, जत्रेची नवी लुगडी, डोक्यावर फुगलेल्या गोण्या, एकीमागे एक. लोकांना वाटलं, देवीचं काहीतरी चाललंय. गर्दी दुभंगली. पोलिसानं शिट्टी मारून ट्रक थांबवला. एका म्हातारीनं मधल्या गोणीला हात लावून कपाळाला लावला. आणि त्या देवळाकडे न वळता सरळ पुढे निघून गेल्या!

पुढे कशाला, ते ऐका, कारण हे माझ्या डोक्यात सात जन्मात आलं नसतं. तलासरीच्या बाजूनं जत्रेला माणसं आणणाऱ्या जीपा माणसं उतरवून रिकाम्याच परत जातात. हायवे बंद होता तो जत्रेपर्यंत. जत्रेच्या पलीकडे तलासरीला जाणारी रिकामी जीप हवी तेवढी. पाचजणी आणि पाच गोण्या एका जीपमध्ये, ऐटीत. गोडाऊनवाला मला फोनवर म्हणाला, शेठ, असं पिकअप मी नोकरीत पाहिलं नाही. आणि त्या लगेच परत निघाल्या का विचाराल, तर नाही. त्या मोठ्या बाईनं एकसष्टही पार्सलं स्कॅन होईपर्यंत उभं राहून बघितलं. मूठ भरली की पन्नास, पण ह्या वेळी एकेक मोजलं.

तिची बहिणीबरोबरची वर्षाची भेट, ती अशी झाली.

दुसऱ्या दिवशी जिवली वेळेवर आली. विचारलं, तुमच्या फोनवर पोचलं ना सगळं? मी म्हटलं, पोचलं. बोलायचं होतं मला, खरंच. पण तेवढ्यात बाहेर बाकड्यावरून कुणीतरी हाक मारली, शेठ, जमवलं कसं हो? आणि मी तिकडे वळलो. पहिल्यांदा एवढंच म्हणालो की नेली कशीतरी. 'नेली' म्हणालो. कुणी नेली ते त्यांनी समजून घेतलं, आणि मी समजू दिलं. चहा संपेपर्यंत मोटरसायकल आली. आठवड्यात समुद्र आला.

एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. गप्पा मारणं हा माझा जुनाच आजार. पण पावसाच्या आधी डहाणूत व्यापाऱ्यांनी माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, माईक. माईक हातात आला की मी मी राहत नाही. तिघींनाही बोलावलं होतं, मागच्या रांगेत बसल्या होत्या, हातात समोशाची बशी. मी नरपड गाठलं, लाट उसळवली, सभागृह श्वास रोखून बसलं. आणि कुणीतरी विचारलं, मदतीला कोणी नव्हतं? गोष्टीतला माणूस एकटा हवा ना! मी हसून म्हणालो, "मदतीला कोण असणार? आमच्या बाया तर काम टाकून जत्रेला पळाल्या होत्या."

लोक हसले. खूप हसले.

जत्रा मी केली आणि काम त्यांनी केलं. माईकवर मी दोन्हीची अदलाबदल करून टाकली, त्यांच्या तोंडावर. त्या दोघींनी बश्या खाली ठेवल्या आणि जिवलीकडे बघितलं. जिवलीनं टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी आणखी दोन वाजवल्या.

दाराशी चपला घालताना मी तिला गाठलं. काय बोलणार होतो कोण जाणे. तिनंच विचारलं, अगदी साधेपणानं, जसं हवापाणी विचारावं—

"शेठ, पाळण्यातून तलासरी दिसते का हो?"

म्हणजे तिनं मला पाहिलं होतं. गोणी डोक्यावर घेऊन ती त्या पाळण्याखालून गेली होती. मी वरून पाहिलं असतं तर मलाही ती दिसली असती.

चारच दिवसांनी तिनं काम सोडलं. त्या दोघी राहिल्या, बारा महिने राहिल्या, बॅजचा माल पुरेना इतक्या ऑर्डरी आल्या, भट्टी कायमची सुटली. तो विजय खराच, आणि तो तिचा. ती स्वतः गेली तलासरीच्या गोडाऊनला. तिथल्या माणसानं तिला त्या दिवशीच हेरून ठेवलं होतं. स्कॅनिंगच्या टेबलावर बसवली. २०१९पर्यंत माझं एकेक पार्सल तिच्या हाताखालून गेलं. पावणेपाचला पोचलेलं पार्सल पाच वाजून एक मिनिटानं स्कॅन करणं केवढं सोपं! माझा बॅज कधीच गळाला असता. दोन वर्षांत तिनं माझं एकही पार्सल चुकवलं नाही.

आणि मी? एकदा गाडी नव्हती म्हणून पार्सलं मीच घेऊन गेलो. गोडाऊनला नवा ड्रायव्हर चहा पीत उभा होता. त्यानं विचारलं, समुद्रावरून गाडी नेणारे शेठ ते तुम्हीच का? जिवली चार हातांवर होती. अजूनही वेळ होती. कुणाची शाल नव्हती, माईक नव्हता, तीनच माणसं. मी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि नरपडपासून सुरुवात केली. मासासुद्धा काढला बुटातून. ती स्कॅन करत राहिली. एक पार्सल उचलायचं, यंत्र लावायचं, खाली ठेवायचं. मान वर केली नाही तिनं.

एकसष्ट पार्सलं मी नेली नाहीत. ती जिवलीनं नेली, बरोबर चौघीजणी होत्या. मी जत्रेत होतो.