कॅमेऱ्याला हळदकुंकू

रोह्याच्या रंगाच्या कारखान्यात जिते गावच्या गुणाजींनी उभी हयात हाताने व्हॉल्व्ह फिरवले आणि आता कंपनीने टचस्क्रीन आणला. उद्याच्या परीक्षेत तो चालवता आला नाही, तर रवानगी पॅकिंगला. या धास्तीपायी दसऱ्याच्या पूजेत त्यांनी जुन्या यंत्रांबरोबर टचस्क्रीनला जोडलेल्या नव्या कॅमेऱ्याच्या काचेलाही हळदकुंकू लावलं, तेही सढळ हाताने. स्क्रीन लालबुंद झाला, भोंगा बोंबलू लागला. गुणाजींनी मशीन बंद करायचं बटण दाबलं.

इंजिनियर मनाली धावत आली. "काका, याला आंधळा केलात की!"

"दसरा हाय ना मॅडम. यालाच एकट्याला कसा वगळू?"

तिने हसत काच पुसली. "बटण मात्र बरोबर दाबलंत. उद्या पहिला प्रश्न तोच आहे."

गुणाजींनी कुंकवाचा हात सदऱ्याला पुसला. "आन दुसरा?"