‘लुक आफ्टर’चं वाक्य

भाईंदर पश्चिमेला आमच्याच हॉलमध्ये मी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. सोफा भिंतीकडे सरकवला की वर्ग तयार. फ्रेजल व्हर्ब हा तिथला रोजचा वैताग. ‘लुक’ म्हणजे बघणं इथवर सगळं ठीक असतं. त्याला ‘आफ्टर’ चिकटलं की बघणं जातं आणि सांभाळणं येतं. कळलं का, असं विचारलं की सगळे माना डोलावतात. म्हणजे कळलेलं नसतं.

उत्तनहून बसने एक तिशीची मुलगी यायची. परदेशात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं काम तिला हवं होतं आणि मुलाखत इंग्रजीत होणार होती. घरी आई अर्धांगवायूने पडलेली. भाऊ-भावजय दिवसभर कामावर, म्हणून तिला भरवणं, आंघोळ घालणं, कूस बदलून देणं सगळं हीच करायची. मी म्हटलं, मग आईवरच वाक्य कर. तिने केलं, ‘माय मदर लुक्स आफ्टर मी.’

“अगं, उलटं!” मी करवादले. “कोण कुणाला सांभाळतंय?”

“आयच ना, टीचर. ती हाय म्हनून मी हाय.”

मुलाखतीत असलं काही बोललीस तर काम हातचं गेलंच म्हणून समज, असा मी दम भरला आणि ‘आय लुक आफ्टर माय मदर’ तिच्याकडून घोकून घेतलं. हट्टी होती, पण शिकली. तिची निवड झाली तेव्हा वर्गात पेढे मीच वाटले.

ती जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. प्रार्थना नुकतीच संपली होती. त्यांच्या ख्रिस्ती घरांत त्यानंतर वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घेतात. ती खाटेशी गुडघे टेकून बसली, आईचा लुळा उजवा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. तो घसरायला लागला तसा तिने धरून ठेवला. आई अडखळत, एकेक शब्द जुळवत बरंच काही म्हणाली. तेवढा वेळ लेक डोळे मिटून होती. हिला इथून हलवायला मीच हातभार लावला, याचं मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी आईला म्हटलं, “काळजी करू नका, आता तुमच्या सूनबाई सांभाळतील तुम्हाला.”

“माजं काय, मना हाय कोनतरी,” ती म्हणाली. मग लेकीकडे बघून तिने मला विचारलं, “तिकडं हिला कोन सांभालनार, टीचर?”