कुंकू पुसलेलं रिव्हॉल्व्हर

शेठनं उजव्या हाताचं बोट स्वतःच्या कानशिलाला लावलं आणि तोंडानं आवाज काढला. "ठप्प!"

बाकड्यावरचे दोन व्यापारी हसले. मी समोरच बेदाणा निवडत बसले होते.

"तसं न्हाई," त्यातला एक म्हणाला. "छातीत लागल्याय म्हनत्यात. साफ करताना उडाली आसंल."

"आवं, ह्यांच्या हातात पिस्तूल दिल्यावर दुसरं काय हुनार? ह्यांच्या बापजाद्यानं कवा धरलं हुतं का?"

मग शेठचं लक्ष माझ्याकडं गेलं. "ए, तू त्याची भन न्हवं का? मग तूच सांग की, कसं झालं?"

शेडमधल्या बायांनी माना खाली घातल्या. मी काड्या बाजूला काढत राहिले. भावाला अग्नी देऊन आठवडाही झाला नव्हता. घरी बसून चूल पेटत नाही, म्हणून कामावर आले होते. तासगावात दिवाळीच्या आधी बेदाण्याला लय मागणी असते.

माझा धाकटा भाऊ फौजदार होता. आमच्या वस्तीतला पहिला. साताऱ्याकडच्या एका ठाण्यात त्याची नेमणूक होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, तिथंच त्याच्या खोलीत तो मेला. स्वतःच्याच रिव्हॉल्व्हरच्या गोळीनं. दाराला आतून कडी होती, असं एका शिपायानं सांगितलं. दुसऱ्यानं सांगितलं, दार नुसतं लोटलेलं होतं. दोघंही माझ्याकडं न बघता बोलले.

मग ज्याच्या त्याच्या तोंडी एक गोष्ट झाली. कुणी म्हणालं, बाईचं प्रकरण. कुणी म्हणालं, दारू. तो चहासुद्धा बेतानं प्यायचा. एसटीत माझ्या मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या. त्यांना मी कोण ते ठाऊक नव्हतं. "हत्याराची पूजा बाटवली त्यानं," एक म्हणाली. "देवी सोडती व्हय?"

ही पूजेची गोष्ट खरी होती. अर्धी.

खंडेनवमीला ठाण्यातली सगळी हत्यारं सतरंजीवर मांडतात. झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. आम्ही बौद्ध. आमच्या आईबापांनी धम्म घेतला तेव्हा असली पूजा सोडली, ती सोडलीच. भाऊ त्या दिवशी बंदोबस्ताचं काम मागून घ्यायचा आणि बाजूला राहायचा. आदल्या वर्षी थोरल्या साहेबांनी त्याला मुद्दाम थांबवून घेतलं. त्याच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर मागितलं, सगळ्यांसमोर त्यावर कुंकवाचं बोट ओढलं आणि परत दिलं. भावानं खिशातून रुमाल काढला. कुंकू पुसलं. सलाम केला. बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, तो पांढरा शर्ट घालून आमच्या विहारात आला. रुमाल माझ्याकडं धुवायला दिला. "आक्का, डाग जातोय का बग," म्हणाला. हसत होता. मी दोनदा साबण लावला. डाग गेला नाही.

"आता तुला सुखानं ऱ्हाऊ देनार न्हाईत," मी म्हणाले.

"ठाव हाय," तो म्हणाला.

जलदानाच्या, म्हणजे मेलेल्याच्या मागच्या विधीच्या दिवशी तेच थोरले साहेब आमच्या दारात आले. खुर्ची दिली. पाण्याचा पेला दिला. पेला त्यांनी खुर्चीखाली ठेवला, तोंडाला लावला नाही.

"बाई, अपघात आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशीच्या पूजेसाठी हत्यार साफ करत होते, गोळी सुटली. तुमच्या भावजयीनं तसं सांगितलंय. तुम्ही थोरल्या. तुम्हीही तेवढंच सांगा. तिला खात्यात नोकरी लागेल. उगाच खोलात शिरलात, तर आत्महत्या लिहावी लागेल. मग काहीच नाही."

"साहेब, पूजेसाठी तो हत्यार साफ करनार न्हाई."

"तुम्ही होता तिथं?"

"न्हवते. पर गेल्या वर्षी तुमी हुता. कुंकू कुनी लावलं हुतं?"

त्यांच्याबरोबरचा शिपाई जमिनीकडं बघायला लागला. साहेब उठले. पेला कलंडला, पाणी खुर्चीखाली पसरलं.

ते गेल्यावर भावजय माझ्यावर धावून आली. "वन्सं, मेलेला म्हागारी येनार हाय का? माज्या पोरीकडं तरी बगा!"

मी फडकं आणून खुर्चीखालचं पाणी पुसलं.

कसं झालं असेल? मीही लोकांसारखीच अंदाज बांधते. साहेबानं हुकूम दिला असेल, उद्या पूजेला हत्यार पाहिजे, त्यानं ते दिलं नसेल, आणि त्या झटापटीत गोळी सुटली असेल. कुणी आत गेलं असेल, बोलाचाली झाली असेल. किंवा वर्षभर टोमणे खाऊन त्यानं स्वतःच घोडा ओढला असेल. हेही मी धरून चालते. भाऊ म्हणून त्याला दगडाचा करत नाही. पण तसं असलं तरी ते बोट एकट्या त्याचं नव्हतं.

जलदानाच्या दुसऱ्या दिवशी शेडमध्ये शेठचं पुन्हा तेच. नवे व्यापारी, तोच चहा, कानशिलाला तेच बोट. "हिला इचारा, ही सांगंल."

मी ताट खाली ठेवलं आणि उभी राहिले.

"आदी ते बोट खाली घ्या, शेठ. मग सांगते."

शेठचं बोट तिथंच राहिलं, मग हळूहळू खाली आलं.

"लय शानी झालीस. उद्यापास्नं येऊ नगंस."

"न्हाई येत. पर ऐकून घ्या. पूजेसाठी साफ करताना झालेलं न्हाई."

माझ्या बोलण्यानं काही बदललं नाही. कागदावर अपघातच लागला. भावजय सांगलीला नोकरीला लागली. रस्त्यात मी दिसले की पोरीचा हात धरून पलीकडं जाते. थोरले साहेब बढतीवर गेले. त्या ठाण्यात दर खंडेनवमीला सतरंजी पसरतात, नारळ फोडतात. खरं काय ते कधी बाहेर येईल, असं मला वाटत नाही.

मी आता दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत काम करते. लोक अजून विचारतात, कसं झालं. मी सांगते, कसं झालं ते मला ठाऊक नाही. मग कुंकवाचं सांगते, लावणाऱ्याच्या हुद्द्यासकट. समोर कोण बसलंय ते बघत नाही. काम गेलं, भावजय गेली, भाऊ तर आधीच गेला. आता माझ्याकडून काढून घ्यायला कुणाला काही सापडणार नाही. जबाब तेवढा राहिलाय. तो मी बदलणार नाही.